खालच्या खणातली डिस्क

कंपनीत तिला सगळे हळूबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, आणि गेली काही वर्षं तोंडावरही म्हणायला लागले होते, कारण तिने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. मनाला लावून घ्यायलाही अंगात थोडी ताकद लागते हो! त्रेपन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, खांद्यावर आठ किलोची पिशवी अडकवून जिने चढणाऱ्या बाईने ती आणायची कुठून?

काम सांगायला अगदी साधं. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, जिथे जिथे माणसं आपला सगळा साठा एका पेटीत ठेवतात, तिथली पेटी बिघडली की हिने जायचं. पेटीत दोन डिस्क असतात. दोन्हीवर तेच लिहिलं जातं, त्याच क्षणी लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, कुणाला पत्ताही लागत नाही. मग मेलेली ओढून काढायची, तिच्या जागी कोरी सरकवायची, आणि जिवंत डिस्क आपल्याजवळचं सगळं कोरीवर उतरवून देते. झालं. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. काम उत्तम झालं तर काय होतं? काहीच होत नाही. काल होतं ते आज आहे, एवढंच. त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतो?

ती हळू का, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही तिला आळशी म्हणाल. पंधरा वर्षांपूर्वी एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत तिने चुकीची डिस्क ओढली होती. संगणक मोजत होता शून्यापासून आणि पेटीवरचे आकडे होते एकापासून. पडद्यावर आलं की एक नंबरची मेली, हिने पेटीवरची एक नंबरची खेचली, आणि ती निघाली जिवंत. बावीस माणसांचं आठवडाभराचं काम पाण्यात गेलं. त्या कचेरीच्या संडासात तोंडात रुमाल कोंबून ती अर्धा तास रडली होती. तेव्हापासून तिचा एक नेम होता. डिस्क ओढण्याआधी ती पेटीकडून एखादी मोठी फाइल वाचून घ्यायची. जिचा दिवा लुकलुकतो ती जिवंत, जिचा गप्प ती मेलेली. मग डिस्कच्या नंबरातले शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचायचे, आणि समोर जो कोण असेल त्याला ते परत म्हणायला लावायचे. लोक हसायचे. डॉक्टर हसायचे, मुख्याध्यापिका हसायच्या. हसू देत. आकडे म्हटल्याशिवाय ही डिस्कला हात लावायची नाही.

त्या दिवशी सकाळपासूनच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. घरी सासूबाई. वय चौऱ्याऐंशी, तब्येत ठणठणीत, डोक्यातलं मात्र सगळं पुसत चाललेलं. "दार लावलंस का गं?" हे त्यांनी सकाळी सहापासून आठपर्यंत एकोणीस वेळा विचारलं. एकोणीस वेळा हिने "लावलं, आई" म्हटलं. विसाव्या वेळी नवऱ्याने म्हटलं, तेही इतक्या जोरात की सासूबाई दचकून रडायला लागल्या. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर असतो. यंत्राच्या आवाजाने कान गेलेत, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं. त्याला समजवा, त्यांना समजवा, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला चार वाजेपर्यंत बसायला बोलवा, आणि मग पिशवी उचला. चार म्हणजे चार, असं शेजारणीने बजावलं होतं. तिलाही तिचं घर होतं.

पहिलाच कॉल वाचा-उपचाराच्या दवाखान्याचा. म्हणजे ज्यांना बोलायला त्रास होतो त्यांचा दवाखाना. दुसरा मजला, लिफ्टवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी, आणि ती चिठ्ठीसुद्धा पिवळी पडलेली. हळूबाई दर सहा पायऱ्यांनी थांबत वर आली. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, एक पाण्याचा कूलर, भिंतीवर उघड्या तोंडाचं रंगीत चित्र. दोन खुर्च्यांवर एक जोडपं बसलं होतं. गृहस्थ साठीचे, रुंद खांद्यांचे, गळ्याभोवती पातळ रुमाल बांधलेला, मांडीवर लिहायची छोटी पाटी. बायको शेजारी, पर्स दोन्ही हातांनी धरून, ताठ. कुणीतरी नाव पुकारील म्हणून केव्हाची तयारीत बसलेली दिसत होती.

थेरपिस्ट बाई दारातच भेटली. चाळिशीची, बारीक, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. "आलात! बरं झालं बाई. लाल दिवा लागलाय आणि पेटी इतकी रखडतेय की विचारू नका. या, या, इकडे, जरा जपून, बादली आहे."

पेटी ठेवली होती झाडू-बादलीच्या कपाटात. तेही फिनाइलच्या बाटलीच्या डोक्यावरच्या फळीवर. हळूबाईने आयुष्यात पेट्या कुठे कुठे ठेवलेल्या पाहिल्या होत्या, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. पिशवी खाली ठेवली, बादली सरकवली, स्टूल ओढून बसली आणि लॅपटॉप जोडला.

"खालच्या खणातली गेलीय," ती म्हणाली. "आज नाही, एक्केचाळीस दिवस झाले. वाजली नाही का पेटी?"

"वाजत होती ना! दिवसभर पीं पीं पीं. आत रेकॉर्डिंग कसं करायचं मी? मागे एक बटण सापडलं, दाबलं, गप्प झाली."

हळूबाईने मान हलवली. एक्केचाळीस दिवस सगळा दवाखाना एकाच डिस्कवर उभा होता, आणि ते सांगायला ओरडणाऱ्या पेटीचं तोंड दाबलेलं. रागवावं असं तिला वाटलंही, पण रागवायचं म्हणजे समजावून सांगावं लागतं, आणि समजावण्याचा सकाळचा सगळा साठा घरीच संपला होता.

तिने मोठी फाइल वाचायला लावली. वरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला, खालचा लाल तसाच. खालच्या ट्रेवर बोट ठेवून ती म्हणाली, "सात, शून्य, तीन, आठ. म्हणा."

"काय म्हणू?"

"सात, शून्य, तीन, आठ."

"सात, शून्य, तीन, आठ," थेरपिस्ट बाई म्हणाली आणि हसली. "मीच सगळ्यांना म्हणायला लावते, आज माझ्यावर पाळी आली!"

हळूबाईने खटका दाबला, ट्रे दोन बोटं बाहेर ओढला, डिस्क फिरायची थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग सबंध बाहेर काढला. कोरी डिस्क बसवली, सरकवली. दिवा पिवळा झाला. पडद्यावर टक्के मोजायला सुरुवात झाली. शून्य पूर्णांक एक. संध्याकाळपर्यंत आपोआप भरेल, तिथे बसायची गरज नव्हती. अकरा वाजायचे होते. पुढचा कॉल एका शाळेचा, तिथून बँक. तीनपर्यंत घरी पोचलं तर पंधरा मिनिटं आडवं होता येईल, असा हिशेब तिच्या डोक्यात चालू झाला.

आता राहिलं एकच, छिद्रं पाडणं. दवाखान्यातली डिस्क म्हणजे रोग्यांची खासगी माहिती, ती मेलेली असली तरी तशीच बाहेर न्यायची नाही, असा कंपनीचा नियम. जागेवरच ड्रिलने आरपार तीन भोकं पाडायची, दवाखान्याच्या माणसाने ते डोळ्यांनी बघायचं आणि फॉर्मवर सही करायची. हळूबाईने अशा किती डिस्क भोसकल्या होत्या याची गणती नव्हती. तिने पिशवीतून लाकडी फळकुट काढलं, डिस्क त्यावर आवळली, डोळ्यांना चष्मा लावला, ड्रिलचं टोक डिस्कच्या मधोमध टेकवलं आणि हाक मारली, "मॅडम, सहीला या."

थेरपिस्ट बाई पेन उघडतच आली. "झालं? छान. करा तुमचं हे, आणि मग तेवढं बाहेरच्या गृहस्थांचं दुसऱ्या डिस्कवरून मला काढून द्या. बसलेत बिचारे नऊपासून."

हळूबाईचं बोट ड्रिलच्या घोड्यावर होतं. ते तिने उचललं.

"दुसऱ्या डिस्कवरून म्हणजे?"

"अहो, दोन डिस्क आहेत ना? मागच्या महिन्यात जागा संपली म्हणून आली सूचना. मग मी त्यांचं रेकॉर्डिंग एकीवरून पुसलं. दुसरीवर आहेच ना कॉपी! तुम्हीच लोक सांगून गेलात, सगळं दोन ठिकाणी असतं म्हणून."

आता ही चूक कशी आहे बघा. वेंधळ्या माणसाच्या हातून होत नाही, काटकसरी, नीटनेटक्या माणसाच्याच हातून होते. एकच वस्तू दोन कपाटांत आहे, मग एका कपाटात जागा करू या. अहो, पण ही कपाटं नव्हेत! एकीवर लिहिलं की दुसरीवर लिहिलं जातं, तसंच एकीवर पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं, त्याच क्षणी. एखादी डिस्क मेली तर ही जोडी वाचवते. माणूस चुकला तर दोन्ही मिळून चुकतात.

"कधी पुसलंत?" हळूबाईने विचारलं.

"झाले असतील वीस-बावीस दिवस. का हो?"

"आणि त्या जागेवर नवीन काही भरलंत?"

"भरलं म्हणजे, त्याकरताच तर जागा केली. चार पेशंटांचं भरलं." थेरपिस्ट बाईचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे कशाला आहे हे तिलाही कळत नव्हतं. "का हो? काय झालं?"

हळूबाईने चष्मा काढला आणि दोन वाक्यांत सांगितलं. थेरपिस्ट बाई भिंतीला टेकली. मग तिने जे सांगितलं ते तुटक तुटक होतं, पण अर्थ स्वच्छ होता. बाहेरचे गृहस्थ मोटार चालवायला शिकवायचे. तेहतीस वर्षं. घशाला कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी अकरा बैठकांत त्यांच्याकडून चौदाशे वाक्यं म्हणवून घेतली होती. ती वाक्यं एका यंत्रात भरायची, म्हणजे बटण दाबलं की यंत्र त्यांच्या आवाजात बोलणार. ऑपरेशन होऊन सव्वीस दिवस झाले होते. आता त्यांच्या गळ्यातून आवाज म्हणून काही येत नव्हतं आणि पुढेही यायचं नव्हतं. आज यंत्र हातात मिळायचा दिवस होता.

"परत म्हणवून घेता येणार नाही हो," ती म्हणाली. "कुणाकडून घेऊ?"

हळूबाई फळकुटावरच्या डिस्ककडे बघत राहिली. थकलेल्या डोक्यात विचार सावकाश येतात, पण येतात. खालच्या खणातली डिस्क मेली एक्केचाळीस दिवसांपूर्वी. पुसापुशी झाली बावीस दिवसांपूर्वी. म्हणजे पुसलं तेव्हा ही पेटीच्या हिशेबातच नव्हती. हिला पुसायला कुणी सांगितलंच नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "जर कुठे असलं, तर ते हिच्यावर आहे."

तिने डिस्कचे पेच सोडवले आणि पिशवीत जोडणीची वायर शोधायला वळली. तेवढ्यात थेरपिस्ट बाईने डिस्क उचलली, दोन ढांगांत कपाट गाठलं, नवी डिस्क खेचण्यासाठी खटक्यावर बोटही ठेवलं. "मग हिलाच परत आत घालू या ना! पटकन!"

"हात लावू नका!"

हळूबाई ओरडली. सव्वीस वर्षांत ती कुणाच्याही दवाखान्यात ओरडली नव्हती. बाहेरच्या खोलीतल्या बायकोनेसुद्धा दारातून डोकावून पाहिलं.

"ती आत घातली तर पेटीला वाटेल कोरी आली," हळूबाई खालच्या आवाजात म्हणाली. तिला ओरडल्याची लाज वाटत होती. "वरच्या डिस्कवर आज जे आहे तेच हिच्यावर उतरवायला घेईल. म्हणजे उरलंसुरलं पुसून टाकेल. द्या इकडे. दोन्ही हातांनी. सपाट धरा."

थेरपिस्ट बाईने ती दोन्ही हातांनी, सपाट धरून दिली.

मग सुरू झाली ती खरी दमणूक. डिस्क मेलेली म्हणजे पार मेलेली नव्हती, पण शेवटच्या घटका मोजत होती. हळूबाईने ती टेबलावर आडवी ठेवली, खाली घडी केलेला टॉवेल, शेजारी टेबलफॅन, आणि हिच्यावर काहीही लिहायचं नाही, नुसतं वाचायचं, असं बंधन घालून लॅपटॉपला जोडली. डिस्क फिरली. टक, टक, टक असा आवाज आला. असा आवाज आला की हळूबाईच्या धंद्यातल्या माणसाच्या काळजात धस्स होतं. पुन्हा टक टक, आणि मग पडद्यावर नावं दिसायला लागली. एक बैठक, दोन बैठक, तीन.

तिने सोपं ते आधी उचलायला लावलं. जिथे डिस्क अडेल तिथे अडून बसायचं नाही, ते सोडून पुढे जायचं, आणि शेवटी सोडलेल्या जागांकडे परत यायचं. दर वीस मिनिटांनी थांबवायचं, डिस्कवर हात ठेवून बघायचं, गरम लागली तर निवू द्यायचं. घाई केली तर जीव जाणार. इथे हळूपणाच कामाचा होता, पण त्याचं कौतुक वाटायला कुणी रिकामं नव्हतं.

पावणेबाराला साहेबांचा फोन आला. "हळूबाई, नव्वद मिनिटांचा कॉल आहे तो. शाळेवाले खोळंबलेत."

"शाळेला उद्याचं सांगा."

"असं कसं सांगू? काय चाललंय तिथे?"

"एका माणसाचा आवाज काढतेय," ती म्हणाली. साहेबांना वाटलं बाई वैतागून काहीतरी बोलतेय. त्यांनी फोन ठेवला.

दोन वाजता तिने डबा उघडला आणि दोन घास खाऊन बंद केला. थेरपिस्ट बाई येऊन जाऊन विचारत होती, आलं का, किती आलं. शेवटी हळूबाई म्हणाली, "मॅडम, ऑपरेशनच्या दारात नातेवाईक उभे राहतात तशा उभ्या राहू नका. मला घाम फुटतो." तेव्हा ती जाऊन आपल्या खोलीत बसली. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाईच्या चुकीचा हळूबाईला राग यायला हवा होता, पण नकाशांच्या कचेरीतला तो संडास ज्याने आतून पाहिलाय त्याला असा राग येत नाही.

साडेतीनला तिने नवऱ्याला फोन लावला. त्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या यंत्रावरच्या माणसामार्फत बोलावं लागतं. त्याला सांगितलं की अर्धी सुटी टाक, चारला घरी जा, आईंजवळ कुणी नाही. तो माणूस विचारून आला आणि म्हणाला, "वहिनी, तो म्हणतोय, मीच का?" हळूबाईने फोन कपाळाला टेकवला. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, कारण आई तुझी आहे आणि मी दमलेय." पलीकडून काही क्षण नुसता यंत्रांचा आवाज आला. "जातो म्हणाला," तो माणूस म्हणाला.

पावणेपाचला डिस्क टक टक करत थांबली ती थांबलीच. परत चालू केली, फिरलीच नाही. हळूबाईने तीनदा करून पाहिलं. मग वायर काढली.

अकराशे एकतीस वाक्यं हाती लागली होती. नऊ बैठकांची, मधली थोडी गळलेली. दहावी आणि अकरावी बैठक त्या डिस्कवर नव्हतीच. त्या दोन बैठका झाल्या त्याच्या आधीच ती मेली होती. त्या फक्त वरच्या डिस्कवर होत्या, तिथून पुसल्या गेल्या आणि त्यांच्यावर दुसऱ्यांचे आवाज भरले गेले. तेही हळूबाईने खणून पाहिलं. एक शब्द हाती लागला नाही.

"शेवटच्या दोन बैठकांत काय होतं?" तिने विचारलं.

थेरपिस्ट बाईने डोळे मिटले. "पहिल्या नऊमध्ये सगळ्यांची असतात ती वाक्यं. भूक लागली, दिवा लावा, डॉक्टरांना बोलवा. शेवटच्या दोन त्यांच्या स्वतःच्या असतात. ज्याला जे जपून ठेवायचंय ते. मी तेव्हा खोलीत थांबत नाही, मशीन चालू करून बाहेर जाते."

ती उठली, ओढणी सारखी केली आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी सांगू का, असं हळूबाई म्हणणार होती, पण म्हणाली नाही. दारातून तिला सगळं दिसत होतं. बाईने खुर्ची ओढली, त्या दोघांसमोर बसली आणि एकही आडपडदा न ठेवता सांगितलं. चूक माझी आहे. डिस्कची नाही, यांची नाही. जागा करायला म्हणून मी पुसलं. एवढं वाचलं, एवढं गेलं.

गृहस्थ ऐकत होते. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं. ओरडायची तेहतीस वर्षांची सवय! नुसती हवा आली गळ्यातून, रुमालाचं टोक हललं. त्यांनी तोंड मिटलं. पाटी ओढली, लिहिलं, आणि बाईंकडे नाही, बायकोकडे वळवली. हळूबाईला ते अक्षर लांबूनही वाचता आलं, मोठं, ठसठशीत. 'ती दोन दिवसांची सगळी तुझ्यासाठी होती.'

बायकोने वाचलं. तिचे ओठ हलले. "काय होतं हो त्यात?" तिने विचारलं.

त्यांनी पाटी पुसली. पेन टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं. मग काही न लिहिता पाटी मांडीवर पालथी ठेवली आणि मान दुसरीकडे फिरवली.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "जाऊ द्या हो. असू दे." पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने पर्स सोडली नाही.

हळूबाईला तिथे उभं राहवेना. सव्वीस वर्षांत ती काम झाल्यावर निघून जायची. डिस्कवर कुणाचं काय होतं हे तिने कधी विचारलं नव्हतं, त्यामुळेच इतकी वर्षं निभावली. आज विचारलं आणि हे असं झालं. दिवसभर राबून आणलं काय, तर दिवा लावा आणि डॉक्टरांना बोलवा. तिने पिशवी भरायला घेतली. मेलेली डिस्क अजून टॉवेलवर पडून होती, तिला भोकं पाडायची होती, सही राहिली होती.

"ताई, थांबा ना," थेरपिस्ट बाई आत येऊन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "भरलीत मी यंत्रात वाक्यं. तुम्ही असताना एकदा चालू करते. काही अडलं तर मला सुचायचं नाही."

म्हणून हळूबाई बाहेर आली आणि कूलरजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. यंत्र म्हणजे वहीएवढा एक पडदा होता, त्यावर चौकोनी चौकोनी बटणं. थेरपिस्ट बाईने ते गृहस्थांच्या मांडीवर ठेवलं. ते त्याकडे बघेनात. बायको रुमाल शोधत पर्समध्ये बघत होती. शेवटी थेरपिस्ट बाईनेच वाकून, पहिल्या बैठकीतलं, कोपऱ्यातलं पहिलंच बटण दाबलं.

"अगं, जरा पाणी दे," खोलीत एक भरदार, किंचित घोगरा, घाईतला आवाज म्हणाला.

बायको उठली. पर्स खुर्चीवर टाकली, हळूबाईच्या समोरून कूलरपाशी गेली, ग्लास घेतला, नळ दाबला, ग्लास भरला, पदराने बाहेरचं ओलं पुसलं आणि वळली. दोन पावलं आली आणि मध्येच थांबली. ग्लास हातात तसाच. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तोंड मिटलेलं होतं.

गृहस्थांनी यंत्र बाजूला ठेवलं, दोन्ही हात पुढे केले, आणि ती जवळ आल्यावर ग्लास घेऊन ते पाणी, थोडं थोडं करून, सगळं प्यायले.